भिंतीवरचे चित्र आणि भिंतीचा कागद

गेल्या महिन्यात पुतण्याबरोबर खडकी बाजारातल्या एका दुकानात गेलो होतो. त्याने बोपोडीत नवे घर घेतले आहे. दुकानदाराने भिंतीला लावायच्या कागदाच्या नमुन्यांचे जाडजूड पुस्तक पुढे सरकवले. पाने उलटताना एका पानावर हात थांबला. अजिंठ्याचा पद्मपाणी! तेच खाली झुकलेले डोळे, हातात तेच निळे कमळ. खाली नमुन्याचा क्रमांक आणि चौरस फुटाचा भाव. लेण्याचे नाव नाही, बुद्धाचेही नाही. पुतण्या म्हणाला, "काका, हाच घेऊ. आपलाच आहे ना?"

या 'आपला' शब्दाचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

हा कागद खडकीत विकला जावा यात इतिहासाचा एक धागा आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि कंपनीची फौज यांची लढाई झाली. पुढे १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली आणि त्याच वर्षी पेशवाई संपली. दख्खनमध्ये कंपनीचे अधिकारी निर्धास्त फिरू लागले. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या घळीत पोचला आणि 'अजिंठ्याचा शोध' लागला. आसपासच्या गुराख्यांना ती लेणी ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? पण शोध साहेबाच्या नावावर जमा झाला. स्मिथने दहाव्या लेण्यात रंगवलेल्या एका आकृतीवर स्वतःचे नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती अक्षरे आजही तेथे आहेत.

ज्याने ती आकृती रंगवली त्याचे नाव मात्र तेथे नाही. सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात वाकाटक राजांची वंशावळ आहे, हरिषेणाचा मंत्री वराहदेव याची कीर्ती आहे. पण माती मळणारे, तिच्यात भाताचा तूस आणि गवताचे तंतू मिसळून खडबडीत कातळावर गिलावा चढवणारे, वर चुन्याचा पातळ हात देणारे, गेरू आणि पिवळी माती वाटणारे, दिव्याची काजळी धरणारे हात कोणाचे होते? दान देणाऱ्याचे नाव दगडात राहते, राबणाऱ्याचे हात गिलाव्याखाली जातात. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' या अक्षरांनी संपणारी महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले, ते त्या नावांचे मोल जाणूनच. नाव कोरलेले असले की पुढच्या पिढीला हक्क सांगता येतो.

आता पद्मपाणीच्या जागेचा विचार करू. पहिल्या लेण्यात तो एकटा नाही. गर्भगृहाकडे जाणाऱ्या दाराच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला वज्रपाणी, आणि आत धम्मचक्र प्रवर्तनाच्या मुद्रेतील बुद्ध. म्हणजे हे चित्र पाहणाऱ्याला आतल्या बुद्धाकडे नेणारे आहे. भोवतीच्या भिंतींवर जातककथा आहेत, त्यांत दान आणि करुणेची शिकवण आहे. कागदावर तेवढा चेहरा उतरला, वाट गळून पडली.

ही गळती आजची नाही. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानातील कारागिरांचे काम मांडले गेले. ओवेन जोन्सने १८५६ मध्ये देशोदेशींच्या नक्षीचा मोठा ग्रंथ काढला, त्यात हिंदुस्थानी नक्षीची पाने होती. जोन्स स्वतः भिंतीच्या कागदांचे नमुने आखत असे. अजिंठ्यात रॉबर्ट गिलने १८४४ पासून नकला केल्या, त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या देशी विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करवून घेतल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. ग्रंथ निघाला तो ग्रिफिथ्स यांच्या नावाने. त्याच कलाशाळेच्या मातीच्या भांड्यांवर अजिंठ्याची नक्षी चढली आणि ती भांडी विकली गेली. तेव्हा आजचा कागदवाला काही नवे करत नाही. तो जुन्याच वाटेने चालला आहे.

त्याच पुस्तकात पुढे वारली चित्रेही होती. डहाणू-तलासरीकडे लग्नघरात बायका तांदळाच्या पिठाने भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहीत. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रे कागदावर आणली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. अजिंठ्याच्या चित्रकाराचा वारस आज सापडणार नाही, पण वारली पाड्यावरची बाई तर समोर आहे. कारखान्यात छापलेल्या तिच्या चौकापोटी तिला काय मिळते, हा प्रश्न विचारायला इतिहासकार लागत नाही.

मग आपले काय? माझे वडील दारूगोळा कारखान्यात होते. आमच्या एका खोलीच्या चुन्याच्या भिंतीवर दोनच चित्रे होती, बुद्ध आणि बाबासाहेब. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. तो दिवस वडील मरेपर्यंत सांगत. ती दोन चित्रे शोभेसाठी नव्हती. रोज सकाळी त्यांच्यासमोर उभे राहून दिवस सुरू होई. ज्या माणसांना देवळाच्या भिंतीला हात लावू दिला नाही, त्यांनी स्वतःच्या भिंतीवर कोण असावा हे स्वतः ठरवले होते.

म्हणून मी पुतण्याला 'घेऊ नकोस' म्हटले नाही. सुंदर वस्तू घरात आणण्याचा हक्क आपल्यालाही आहे, तो पुष्कळ उशिरा मिळाला आहे. मी एवढेच म्हणालो, "कागद लावण्याआधी पोरांना घेऊन एकदा अजिंठ्याला जाऊन ये. पद्मपाणी कोणत्या दाराशी उभा आहे आणि आत कोण बसला आहे ते त्यांना दाखव. स्मिथचे नावही दाखव. आणि ज्यांचे नाव तेथे नाही, त्यांच्याबद्दल पोरांनी विचारले तर टाळू नकोस."

त्याने नमुन्याचा क्रमांक लिहून घेतला. दिवाळीच्या सुट्टीत तो जाणार आहे.