पाच मिनिटांचं पाणी: फेरीबोटीतून दिवाडी, नार्वे आणि चोडण

पिंगळीहून बोलतोय. परभणी–नांदेड लाईनवरचं आपलं पिंगळी, पिंगळेश्वराचं देऊळ आणि जुनी बारव असलेलं. आता तुम्ही म्हणाल, बारवेच्या गावातला माणूस बेटांवर काय बोलणार? बरोबर आहे. आपल्याकडे पाणी म्हणजे पायऱ्या उतरून खाली जाऊन गाठायची गोष्ट. चहूबाजूंनी पाणी आणि मधे गाव, हे चित्रच आपल्या डोक्यात बसत नाही. म्हणून आजचा भाग जरा हळू ऐका, आणि जमलं तर शेजारी गोव्याचा मॅप उघडून ठेवा.

गोव्याला जाणारी आपली पोरं काय करतात ते मला माहीत आहे. बागा, कळंगुट, फोर्ट आग्वाद, आणि परत. माझं म्हणणं एवढंच, की तीन दिवसांतला एक दिवस किनारा सोडा आणि नदीकडे या. मांडवी समुद्राला मिळण्याआधी तिच्या पात्रात बेटं आहेत. दिवाडी, चोडण, जुवे, वांशी. आणि गंमत म्हणजे पणजी आणि जुने गोवे ज्या तिसवाडी तालुक्यात आहेत, तो तालुकाही पाण्यानेच वेढलेला आहे. म्हणजे तुम्ही आधीच बेटावर असता, फक्त पुलांमुळे ते जाणवत नाही.

या बेटांमध्ये सरकारी फेरीबोटी चालतात. फेरीबोट म्हणजे फार काही शाही प्रकरण नाही. सपाट लोखंडी बोट, पुढचा रॅम्प धक्क्यावर पडतो, आधी माणसं, मग स्कूटर, मग दोन-चार गाड्या. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. बसायला बाजूला बाकडी. पाच-सात मिनिटांत पलीकडे. इन्स्टाची स्टोरी टाकून होईपर्यंत उतरायची वेळ येते.

पण हे पाच मिनिटांचं पाणी अडीचशेहून जास्त वर्षं दोन राज्यांमधली सरहद्द होतं. आजचा सगळा भाग त्यावरच आहे.

सुरुवात जुन्या गोव्याच्या धक्क्यापासून करू. चर्चकडून नदीकडे उतरताना रस्त्यावर एक दगडी कमान लागते. व्हाइसरॉयची कमान. 1597 मध्ये व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामाने ती उभारली. हा वास्को द गामाचा पणतू. पणजोबाचा पुतळा त्याने कमानीवरच बसवला. कमानीची 1954 मध्ये पुन्हा बांधणी झाली, पण जागा तीच. पोर्तुगालहून येणारा नवा व्हाइसरॉय जहाजातून इथे उतरायचा आणि या कमानीतून शहरात शिरायचा. आज त्याच कमानीखालून आपण दिवाडीची फेरी पकडायला जातो, पाठीवर सॅक आणि हातात चिप्सचं पाकीट. मला तरी हे फार आवडतं.

पोर्तुगीजांनी गोवा 25 नोव्हेंबर 1510 रोजी कायमचा घेतला, हे शाळेत आपण वाचलेलं असतं. पण घेतला म्हणजे किती घेतला? आजचा अख्खा गोवा नव्हे. सुरुवातीला तिसवाडी आणि ही भोवतालची बेटं, एवढंच. पुढे बारदेश आणि साष्टी आले. नदीपलीकडची डिचोली मात्र आदिलशहाकडे होती, नंतर मराठ्यांच्या आणि सावंतवाडीकर भोसल्यांच्या राजकारणात राहिली, आणि पोर्तुगीजांच्या हाती लागली ती थेट 1780 च्या दशकात. म्हणजे दिवाडी पोर्तुगीजांची, आणि समोर हाक मारली तर ऐकू जाईल असा काठ दुसऱ्याच राजाचा.

दिवाडीवर तेव्हा सप्तकोटीश्वराचं देऊळ होतं. हे गोव्याच्या कदंब राजांचं दैवत. त्यांच्या नाण्यांवर या देवाचं नाव कोरलेलं असे, यावरून मान कळतो. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत देऊळ मोडलं, मग विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभं केलं. आणि सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगीजांनी ते पाडलं. 1540 पासून तिसवाडी आणि बेटांवरची देवळं पाडण्याची मोहीमच होती. पुढे 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय बसलं. ते, मधली काही वर्षं वगळता, 1812 पर्यंत चाललं.

आता विचार करा, दिवाडीवरच्या माणसापुढे काय होतं? घर, भाताची शेतं, माड सगळं इकडे. धर्म ठेवायचा तर पाणी ओलांडून पलीकडे. काही जण राहिले आणि ख्रिस्ती झाले. काही जण देव घेऊन गेले. मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, हे आपल्याला देवदर्शनाच्या टूरवर गाईड सांगतो. पण "गेली" या एका शब्दात काय काय असतं ते तो सांगत नाही. रात्र, होडी, आवाज न करता मारलेलं वल्हं.

सप्तकोटीश्वराची गोष्ट तर अजून अंगावर येणारी. परंपरा अशी सांगते की देऊळ पाडल्यावर त्याचं लिंग विहिरीच्या कामाला लावलं होतं, पाणी ओढायच्या दोराखाली. ते तिथून गुपचूप काढून नदीपार नेलं आणि समोरच्या काठावर एका गावात बसवलं. पलीकडच्या त्या गावाचं नाव नार्वे. लिंग साधं गुळगुळीत नाही, त्याला पैलू आहेत, धारालिंग म्हणतात त्याला.

1620 साली पोर्तुगीज हद्दीत हिंदू पद्धतीच्या लग्नांवर बंदीचा हुकूम निघाला. मग लग्न लावायला पाणी ओलांडून जायचं. एका लग्नासाठी वऱ्हाड होडीत बसून दुसऱ्या राज्यात जातंय, असं चित्र डोळ्यासमोर आणा. आज दिवाडीहून नार्व्याला जाणारी फेरी हेच पाणी कापते.

नार्व्याला उतरलात की देवळापर्यंत पायी जाता येतं. फार मोठं देऊळ नाही. कोकणी कौलारू ढंग, समोर दीपमाळ. दारावर एक शिलालेख आहे, तो शोधा. शके 1590, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, म्हणजे 13 नोव्हेंबर 1668. शिवरायांच्या आज्ञेने देवालयाचं काम सुरू झालं, एवढाच मजकूर. कुठलाही थाट नाही. महाराज तेव्हा या भागात आले होते, आणि याच सुमारास गोवा शहरात थोडे थोडे मावळे घुसवून ते आतून घ्यायचा बेत होता, तो व्हाइसरॉयला आधीच कळला आणि फसला. म्हणजे एकीकडे शहर हातातून निसटलं, आणि दुसरीकडे त्या शहराच्या राज्यकर्त्यांनी पाडलेल्या देवाचं देऊळ, त्यांना काठावरून दिसेल इतक्या जवळ, उभं राहायला लागलं. याला योगायोग म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. मला ते नदीपलीकडे पाठवलेलं उत्तर वाटतं.

महाराजांनंतर पंधरा वर्षांनी शंभूराजे इथे आले. 'छावा' बघून आलेल्यांनी आता कान टवकारा, कारण हा प्रसंग दिवाडीच्या शेजारच्या बेटावरचा आहे. जुवे. पोर्तुगीजांचं सांत इस्तेव्हांव.

1683 चा नोव्हेंबर. व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होरने मराठ्यांच्या फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता. शंभूराजे स्वतः धावून आले, आणि व्हाइसरॉयला वेढा उठवून मागे पळावं लागलं. तो शहरात पोचून श्वास घेतोय तोवर 24 नोव्हेंबरच्या रात्री मूठभर मराठे ओहोटीची वेळ साधून जुव्यात शिरले आणि तिथला टेकडीवरचा किल्ला घेतला.

इथे आपल्या मराठवाड्याच्या श्रोत्यांसाठी एक थांबा. गोदावरी एकाच दिशेला वाहते ना? मांडवी इथे तशी नाही. समुद्र जवळ, म्हणून दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. भरतीला पाणी उलटं, वरच्या दिशेला चढतं. ओहोटीला खाडीच्या कडेला चिखल उघडा पडतो आणि काही ठिकाणी उतार मिळतो. सहा तासांपूर्वीची वाट सहा तासांनी नसते. या बेटांवरच्या प्रत्येक लढाईत तिसरा पक्ष म्हणजे ही भरती.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाइसरॉय फौज घेऊन जुव्यावर उतरला. मराठ्यांच्या घोडदळाने त्याची दाणादाण उडवली. तो स्वतः जखमी झाला आणि कसाबसा होडीत बसून निसटला. गोवा शहर समोर, मधे फक्त पाणी. शंभूराजांनी घोडा पाण्यात घातला. पण भरती चढत होती. घोडा पोहणीला लागला. बखरीतली गोष्ट अशी की खंडो बल्लाळांनी पाण्यात उडी टाकून राजांना मागे आणलं.

तिकडे शहरात व्हाइसरॉय काय करत होता? तो बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेला, संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडली आणि आपला राजदंड संताच्या हाती ठेवला. आता तूच सांभाळ, असं. ते चर्च व्हाइसरॉयच्या कमानीपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. पुढे मराठ्यांनी बारदेश आणि साष्टीत धुमाकूळ घातला, पण औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोठी फौज घेऊन पाठीवर आला आणि जानेवारी 1684 मध्ये शंभूराजांना वळावं लागलं. गोव्यात अनेक लोक श्रेय संताला देतात. मी निम्मं श्रेय मोगलांना देईन आणि निम्मं भरतीला.

जुव्याला आता पुलावरूनही जाता येतं. किल्ल्याचे अवशेष टेकडीवर आहेत. आणि जुव्याची दुसरी ख्याती ऐका: सात शिरांची लांब भेंडी. गोव्याच्या बाजारात तिला वेगळा भाव आहे. आता भेंडीचा विषय निघाला आणि परभणीकर गप्प बसेल, असं होईल का? 'परभणी क्रांती' हे वाण आपल्या कृषी विद्यापीठाचं, देशभर लावलं गेलेलं. जुवेकरांपुढे एवढं सांगायला हरकत नाही.

दिवाडीवर परत येऊ. इथे ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा होतो. बोंदेरा म्हणजे झेंडा. दोन वाड्यांमध्ये हद्दीवरून भांडणं व्हायची, पोर्तुगीजांनी हद्द दाखवायला झेंडे लावले, लोकांनी ते पाडले. त्याची आठवण म्हणून आता सजवलेली मिरवणूक आणि बांबूच्या खेळण्यातल्या बंदुका. हद्दीने एवढं भोगायला लावलेल्या बेटाने हद्दीचाच सण करून टाकला.

दिवसाचा मार्ग असा ठरवा. सकाळी जुन्या गोव्याहून दिवाडी, बेट ओलांडून नार्वे, तिथून रस्त्याने मये, मग चोडण. चोडण या बाजूने पुलाने जोडलेलं आहे. चोडणवर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, 1988 पासूनचं, खारफुटीचं जंगल. भरती-ओहोटी बघून जा, नाहीतर होडी आत जाणार नाही आणि मग मला शिव्या द्याल. संध्याकाळी चोडणहून फेरीने रायबंदर. रायबंदरहून पणजीला नेणारा तो सरळ लांबलचक बांधही साधा नाही, 1630 च्या दशकात व्हाइसरॉय लिन्यारेसने बांधलेला. चारशे वर्षं होत आली, गाड्या अजून त्याच्यावरून जातात.

उलट मांडवीवरचा पहिला मोठा आधुनिक पूल जुलै 1986 मध्ये कोसळला. बांधून दोन दशकंही झाली नव्हती. नवा पूल 1992 मध्ये आला. मधली सहा वर्षं पणजी आणि बेतीमधला लोंढा कोणी वाहिला? फेरीबोटींनी.

दिवाडीला अजून रस्त्याचा पूल नाही. कोकण रेल्वे बेटावरून जाते, पण थांबत नाही. पूल हवा का, यावर बेटावरच दोन मतं आहेत. रात्री घरात कोणी आजारी पडलं आणि फेरी बंद असली तर काय, हा प्रश्न खोटा नाही. आणि पूल आला की जमिनीचे दलाल पाठोपाठ येतील, ही भीतीही खोटी नाही, शेजारच्या किनाऱ्यावर ती रोज दिसते. आपण दुपारपुरतं जाऊन "किती शांत आहे, असंच राहू द्या" म्हणणं सोपं आहे. राहणाऱ्यांनी ठरवावं.

आपल्याकडेही पूल व्हायच्या आधी गंगाखेडला, पूर्णेला, नदीकाठच्या किती गावांत लोक होडीने पलीकडे जायचे. आजी-आजोबांना विचारा: कुठून बसायचे, नावाडी कोण, पैसे घ्यायचा की धान्य, पुरात काय करायचे. त्यांच्याच आवाजात दोन मिनिटांची व्हॉइस नोट करून पाठवा. पुरेशा आल्या तर पुढचा भाग गोदावरीच्या उतारांवर.