हॉस्पिसची वास्तुरचना : सीमाभागातील सोप्याकडून काय घ्यावे?

रोग बरा होण्याची आशा उरलेली नाही, परंतु वेदना, धाप, मळमळ आणि भीती यांवर उपाय करता येतो, अशा रुग्णांची अखेरच्या काळात शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला हॉस्पिस म्हणतात. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. आधुनिक हॉस्पिसचा आरंभ तेथून मानला जातो. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरी परिसरात उभे राहिले. त्याची एक शाखा गोव्यात लोटली येथे आहे. बंगळूरमध्ये करुणाश्रय ही संस्था कर्करुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते. दगडी भिंती आणि कक्षांलगतचे पाणी यांमुळे तिची वास्तू रुग्णालयासारखी वाटत नाही.

बेळगाव-निपाणी पट्ट्यासाठी अशी वास्तू कशी असावी, हा प्रश्न केवळ वास्तुविशारदांचा नाही. निपाणीची ओळख विडीच्या तंबाखूची. शेतात, वखारीत आणि तोंडात तंबाखू असलेल्या या मुलखात मुखाचा कर्करोग परका नाही. उपचारांसाठी येथील माणसे मिरज, कोल्हापूर, बेळगाव किंवा चोर्ला घाटाने बांबोळी गाठतात. उपचार संपतात तेव्हा रुग्णाला घर हवे असते. आणि घरच्यांना जखमेचे, दुखण्याचे काय करावे ते कळत नाही. हॉस्पिसची जागा नेमकी या दोहोंच्या मधली आहे.

मुखाच्या कर्करोगाची एक गोष्ट आराखड्यात क्वचितच दिसते : दुर्गंधी. चिघळलेल्या जखमेचा वास सर्वांत आधी रुग्णालाच छळतो आणि त्यापायी तो माणसांपासून दूर सरतो. औषधाने वास कमी होतो, पण हवा समोरासमोरच्या खिडक्यांतून आरपार वाहिली पाहिजे. वातानुकूलनासाठी खिडक्या कायमच्या बंद करणे येथे चूकच ठरेल. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे. वर्षाचा बराच काळ मोकळी हवाच पुरेशी असते. अडचण पावसाची. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या सरी खिडक्या बंद करायला लावतात. त्यासाठी खोल पागोळ्या आणि रुंद पडवी हवी. आरसाही विचारपूर्वक लावावा. शस्त्रक्रियेने चेहरा बदललेल्या माणसाला दर वेळी कूस बदलताना तो समोर दिसू नये. न्हाणीघरात, झाकता येईल असा ठेवावा. बोलता न येणाऱ्यासाठी उशाशी घंटेचे बटण आणि पाटी हवी.

पडून राहिलेल्या माणसाची दृष्टी वेगळी असते. उभ्याने जी खिडकी उत्तम वाटते, तीतून त्याला फक्त आभाळाचा तुकडा दिसतो. खिडकीचा खालचा कठडा जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटरवर असेल, तर झाड, वाट, येणारे-जाणारे दिसतात. रॉजर उलरिक यांचा १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत नेहमी उद्धृत होतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणाऱ्या २३ रुग्णांची तुलना विटांची भिंत दिसणाऱ्या २३ रुग्णांशी केली, तेव्हा झाडे दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. ते रुग्ण बरे होणारे होते, हे विसरू नये. तरी वेदनेसंबंधीचा भाग हॉस्पिसलाही लागू पडावा. छताकडे तर कोणाचेच लक्ष नसते. डोळ्यांवर येणारी नळीदिव्याची पट्टी दिवसभर पाहणाऱ्यालाच तिचा त्रास कळतो.

प्रतिजैविके येण्यापूर्वी क्षयाची आरोग्यधामे लांबलचक व्हरांड्यांची बांधली जात, कारण मोकळी हवा हाच मोठा उपचार मानला जाई. आपल्याकडील जुन्या घराचा सोपा हे त्याहून सोयीचे प्रतिरूप आहे. सोप्यात आजारी माणूस घरातही असतो आणि रस्त्याशीही जोडलेला असतो. आलेला माणूस दोन शब्द बोलतो, नाही बोलला तरी दिसतो. म्हणून प्रत्येक कक्षाला लागून खाट ढकलत नेता येईल एवढा रुंद सोपा असावा. दरवाजा किमान १.२ मीटर, उंबरठा नाही, उतार एकास बारापेक्षा तीव्र नाही. जांभा दगड आणि खानापूरची कौले याच भागातली. ती महागड्या चकचकीत फरशीपेक्षा डोळ्यांना निववतात. फरशी मात्र घसरणारी नसावी आणि धुता यावी.

नातेवाइकांची सोय ही येथे दुय्यम बाब नव्हे. आपल्याकडे रुग्णासोबत एकटा माणूस क्वचितच असतो. रात्री पाठ टेकायला खाटेशेजारी जागा आणि स्वतः पेज, आंबील शिजवता येईल असे छोटे स्वयंपाकघर हवे. गिळता न येणाऱ्यालाही घरच्या हातचे पातळ अन्न नळीतून देता येते. या पट्ट्यात जैन कुटुंबे बरीच आहेत. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांसाठी स्वयंपाकघराचे वेळापत्रक आधीच ठरवावे लागते.

पाट्यांबद्दल सीमाभागात सावधपणे बोलावे लागते. तरीही सांगायला हवे : मरणासन्न माणसाच्या आईला न्हाणीघर शोधताना कोणाला विचारावे लागू नये. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत आणि चित्रासह पाटी लावली की प्रश्न मिटतो.

अनेक रुग्णालयांत शव मागच्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांजवळून नेले जाते. हॉस्पिसला वेगळी खोली हवी. तेथे पाण्याचा नळ, उताराची फरशी आणि दहा-बारा माणसांना बसता येईल एवढी जागा असावी. ब्राह्मण, मराठा, मुस्लिम, ख्रिस्ती यांचे विधी निराळे. लिंगायतांत मृतदेह बसवून ठेवण्याची रीत आहे, तेव्हा भिंतीशी टेकण्याजोगे आसनही लागते. शववाहिका थेट या खोलीच्या दाराशी उभी राहावी, आणि त्या दारापुढे एखादे झाड असावे.