अंगणांतली शाळा

वाशिष्ठीच्या कांठीं पावसाची सर ओसरली म्हणजे चिपळुणांतल्या घराच्या अंगणांत तांबड्या मातीचा चिखल होतो आणि चार वर्षांचें पोर करवंटी घेऊन त्यांत बसतें. करवंटी भरावी, उपडी करावी, मोडलेला 'भात' पुन्हां थापावा, हा त्याचा उद्योग तासभर चालतो. घरांतलीं वडील माणसें ह्याला उचापत म्हणतात आणि पोराचे हात धुवून त्याला पाटीपुढें बसवितात. श्रोतेहो, ह्या उचापतीलाच शिक्षण मानणारीं माणसें जगांत निघालीं. त्यांची ही हकीकत आहे.

जर्मनींत फ्रेबेल ह्यानें १८३७ सालीं लहान मुलांसाठीं खेळाची शाळा काढली आणि त्यांच्या हातीं चेंडू व लांकडी ठोकळे दिले. पुढें डॉक्टर मारिया माँटेसरी ह्या विदुषीनें ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतल्या सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तींत बालगृह उघडलें. खाचेंत बसणारे लांकडी दट्टे मूल चिमटींत धरून उचली. जाड दट्टा बारीक खाचेंत शिरत नसे. म्हणून चूक सांगावयास मास्तर लागत नसे, लांकूडच ती सांगे. आणि जी चिमूट दट्टा धरण्यास सरावली, तिच्यांतच पुढें लेखणी स्थिर राहिली. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवितां फिरवितां अक्षराचें वळण डोळ्यांआधीं हाताला कळे.

हा विचार भावनगरला रुजला. वकिली सोडून आलेले गिजुभाई बधेका ह्यांनीं तेथें १९२० सालीं दक्षिणामूर्ति बालमंदिर सुरू केलें. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर ताराबाई मोडक ह्या त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिकेच्या द्वारें ताराबाईंनीं हाच विचार मराठी घरांत पोंचविला.

परंतु एक अडचण उरलीच. माँटेसरीचीं साधनें जितकीं सुबक, तितकींच महाग. शहरांतल्या सुखवस्तु घरचें मूल त्यांशीं खेळे; खेड्यांतल्या मजुराच्या मुलाच्या वांट्यास तीं कोठून येणार? जी विद्या रोमच्या दरिद्री वस्तींत जन्मली, ती आपल्याकडे श्रीमंतांचें लेणें होऊन बसण्याचा धोका होता.

त्यावर उत्तर शोधण्यासाठीं ताराबाईंनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी ह्या समुद्रकांठच्या गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. बालपणींच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ तेथें त्यांच्या सहकारी झाल्या. विकतच्या मण्यांच्या जागीं शिंपले आले. गारगोट्या, बिया, पानें, काटक्या हींच साधनें झालीं. लहानमोठें, गुळगुळीत-खरखरीत, जड-हलकें हे भेद शिंपला शिकवितो तसे परदेशी ठोकळाही अधिक शिकवीत नाहीं.

तरीहि दरिद्री वस्तींतलीं मुलें आपण होऊन येईनात. तेव्हां मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळेनें मुलांकडे जावें, असें ठरलें. शिक्षिका वस्तींत जाऊन मुलांच्या अंगणांतच खेळ मांडूं लागल्या. हीच अंगणवाडी.

१९५७ सालीं हें केंद्र डहाणू तालुक्यांतल्या कोसबादच्या टेकडीवर, वारली लोकांच्या पाड्यांजवळ नेण्यांत आलें. तेथें नवा पेंच पडला. मोठें मूल धाकट्याला सांभाळी किंवा गुरें राखी. त्याला शाळा कोठली? म्हणून विकासवाडींत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणिलीं. धाकटें पाळण्यांत निजे, मोठें शेजारीं शिके. गुराख्यांसाठीं तर चराऊ रानांतच कुरणशाळा भरविली.

ताराबाई १९७३ मध्यें निवर्तल्या. अनुताईंनीं १९९२ मध्यें आपल्या अंतापर्यंत तें काम चालविलें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना देशांतल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव मिळालें. आज तें नांव देशभर ओळखीचें आहे.

मात्र नांव पसरलें म्हणजे विचार पसरला असें नव्हे. अंगणवाडींत खाऊ वांटला आणि पाढे घोकविले, तर तें अंगण पुन्हां जुनी शाळाच झालें. जेथें मुलाच्या हाताला काम आणि चुकण्याला मोकळीक आहे, तेथेंच ती विद्या जिवंत आहे. चिखलांत बसलेल्या पोराला हात धुवावयास बोलावण्यापूर्वीं आईनें घटकाभर थांबावें. त्याची शाळा अजून सुटलेली नाहीं.