दक्षिणेच्या विजेचा मेळ घालणारे बंगळुरूचे केंद्र

दक्षिणेकडील राज्यांतील विजेची मागणी आणि पुरवठा यांवर देखरेख ठेवणारे दक्षिण विभागीय भार प्रेषण केंद्र बंगळुरू येथे आहे. जुलै २०१२ मध्ये उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा स्वतंत्र वारंवारतेवर चालणारे दक्षिणेचे जाळे बचावले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ किलोव्होल्टच्या रायचूर-सोलापूर पारेषण वाहिनीने ते राष्ट्रीय जाळ्याशी एकरूप झाले. त्यामुळे विजेची देवाणघेवाण वाढली, तशी परस्परांची जोखीमही वाढली.

तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या सुमारे १३ हजार एकर जमिनीवर २,०५० मेगावॉट क्षमतेचे सौर उद्यान आहे. दिवेलागणीला मागणी वाढते, नेमकी तेव्हाच तेथील निर्मिती थांबते. म्हणूनच हवामानावरून निर्मितीचा अंदाज बांधणे आणि जलविद्युत हाताशी ठेवणे अपरिहार्य ठरते.