आजीच्या ट्रंकेतली पुरचुंडी

माझं आजोळ रोहिणखेड, तालुका मोताळा. इतिहासात हे गाव येतं ते लढायांमुळे. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसनने खानदेशच्या नासिरखान फारुकीला इथे हरवलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाण निजामशहा दुसरा आणि जमालखान इथेच भिडले. गॅझेटियरवाले लढाया मोजतात, ट्रंका उघडून बघत नाहीत.

आजीच्या ट्रंकेत मला तळहाताएवढी एक पुरचुंडी सापडली. जुन्या लुगड्याचं कापड, आत वाळ्याच्या मुळ्या आणि वेखंडाचा तुकडा. आज लॅव्हेंडर भरलेल्या पिशव्या विकत मिळतात, तसलाच प्रकार. पण लॅव्हेंडर थंड हवेचं, भद्रवाहकडचं पीक. वऱ्हाडाच्या उन्हात वाळाच बरा, शिवाय त्याचं तेल जड असल्याने वास सावकाश उडतो.

आता माझी चूक सांगते. पहिल्या मसुद्यात मी ठोकून दिलं होतं की दख्खनी दरबारातली सुगंधविद्या घराघरांत झिरपली. गाईडने एवढंच विचारलं, "झिरपली कशी? मधला एक तरी कागद दाखव." कागद नव्हता. (तुमच्याही प्रबंधात असं एखादं 'झिरपणं' असेल, शोधून काढा.)

मग कागद शोधायला लागले. भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी गंगाधराच्या 'गंधसार' या संस्कृत ग्रंथाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं होतं. १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने तो छापला, आणि त्याच्याच जोडीला 'गंधवाद' हा अज्ञात लेखकाचा ग्रंथ, चक्क मराठी टीकेसह! म्हणजे सुगंध कसे बनवायचे हे कुणीतरी मराठीत समजावून सांगत होतं. मी हरखले. पण हा ग्रंथ जाणकारांसाठी आहे. भावना देणं, धूप देणं, वास मुरवणं अशा प्रक्रियांचा. त्यावरून आजीच्या ट्रंकेपर्यंत उडी मारणं म्हणजे जुनीच चूक नव्या तळटीपेसह.

शेवटी पुरचुंडीच नीट पाहिली, जे आधीच करायला हवं होतं. तीन बाजूंना मशीनची शिवण. म्हणजे ही वस्तू फार मागे नेता येत नाही. शिवणयंत्रं आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, खेड्यात त्याहून उशिरा. चौथ्या बाजूला मात्र हाताचा सैल धावदोरा, आणि त्याच्या शेजारी जुन्या टाक्यांची भोकं. ही बाजू पुन्हापुन्हा उसवून शिवलेली होती.

मामींना विचारलं. "अगं, उन्हाळ्यात माठात टाकायला वाळा आणायचो ना, त्यातला उरलेला त्यात भरायच्या सासूबाई. जुना काढून टाकायचा."

माझ्या प्रकरणाचं नाव आधी 'दरबार ते घर' होतं. ते खोडलंय. आता माठापासून सुरुवात करतेय, आणि पुढच्या महिन्यात मोताळ्याच्या बाजारात वाळा विकणाऱ्यांशी बोलायला जाणार आहे.