कंबोडियातील आंतरदेशीय दत्तकविधान आणि अमेरिकेचा २००१ मधील व्हिसा-निर्णय

दत्तकविधानाच्या आंतरदेशीय इतिहासात २१ डिसेंबर २००१ या तारखेला विशेष महत्त्व आहे. त्या दिवशी अमेरिकेच्या तत्कालीन स्थलांतर व नागरिकत्व सेवेने कंबोडियातून दत्तक घेतलेल्या मुलांच्या व्हिसा अर्जांवरील कार्यवाही स्थगित केली. त्या वेळी शेकडो अमेरिकन कुटुंबांची प्रक्रिया निरनिराळ्या टप्प्यांवर होती. काही पालक मुलाला ताब्यात घेऊन नॉम पेन्हमध्येच अडकून पडले होते.

ही अडचण समजून घेण्यासाठी कार्यवाहीचा क्रम लक्षात घ्यावा लागतो. दत्तकविधानास मंजुरी कंबोडियाचे शासन देत असे आणि त्यानंतर अमेरिकन वकिलात मुलाच्या व्हिसाचा विचार करीत असे. साहजिकच व्हिसा नाकारला गेला तरी मूल कंबोडियाच्या दृष्टीने त्या दांपत्याचेच राही. एका देशाच्या कायद्याने जुळलेले नाते दुसऱ्या देशाच्या सीमेवर थांबत असे.

संशयाचे मूळ मात्र अमेरिकन कायद्यातील 'अनाथ' या शब्दाच्या व्याख्येत होते. आईवडील मृत, बेपत्ता किंवा मुलाचा त्याग केलेले असावेत. अथवा एकमेव हयात पालक संगोपनास असमर्थ असून त्याने लेखी व अपरिवर्तनीय संमती दिलेली असावी, असे ही व्याख्या सांगते. दोन्ही पालक हयात असलेले गरीब घरातील मूल केवळ त्यांच्या संमतीने यात सहसा बसत नाही. अशा मुलाला व्हिसा मिळवून देण्याचा सोपा मार्ग म्हणजे कागदोपत्री 'पालक अज्ञात' अशी नोंद करणे. ख्मेर रूज राजवटीत (१९७५–७९) नागरी नोंदणीची व्यवस्था उद्ध्वस्त झाली होती. त्यामुळे अशा नोंदीची शहानिशा करणे फार कठीण होते. नेमकी हीच गोष्ट प्रामाणिक संस्थांनाही भोवली, कारण खरोखर टाकून दिलेल्या मुलाजवळही याहून वेगळा पुरावा नसे.

आरोपांविषयी एकमत नव्हते. 'लिकाधो' या कंबोडियन मानवी हक्क संघटनेने मातांच्या तक्रारी पुढे आणल्या. अल्पशा पैशांच्या मोबदल्यात मुले घेतली गेली, आणि मूल पुन्हा भेटेल अशी काही मातांची समजूत करून देण्यात आली, असे सांगितले जात होते. मध्यस्थांनी हे नाकारले. अनेक दत्तक पालकांचे म्हणणे असे की, काही प्रकरणांवरून सर्वांनाच दोषी धरले जात आहे. पालकांची ही तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही. स्थगितीनंतर प्रलंबित प्रकरणांच्या स्वतंत्र छाननीसाठी विशेष व्यवस्था करावी लागली, हे पुरेसे बोलके आहे.

पुढे अमेरिकेत खटला चालला. शेकडो दत्तकविधाने घडवून आणणाऱ्या एका अमेरिकन महिला मध्यस्थाने २००४ मध्ये व्हिसा फसवणुकीचा कट व अवैध पैशांचे व्यवहार हे गुन्हे कबूल केले आणि तिला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येथे एक बाब नजरेतून सुटू नये. शाबीत झालेला गुन्हा हा अमेरिकन शासनाची कागदपत्रांद्वारे केलेली फसवणूक हा होता. मुलांच्या खरेदीविक्रीचा आरोप या निकालात तपासलाच गेला नाही. मातांची तक्रार ज्या प्रश्नाविषयी होती, त्याला खटल्यात स्थानच मिळाले नाही.

ब्रिटननेही २००४ मध्ये कंबोडियातून दत्तक घेण्यास स्थगिती दिली. भारतात लक्ष्मीकांत पांडे प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच संस्थांच्या मान्यतेची व न्यायालयीन छाननीची चौकट घालून दिली होती; कंबोडियाजवळ त्या तोडीचे काही नव्हते. १९९३ च्या हेग करारात तो देश २००७ मध्ये सामील झाला आणि आंतरदेशीय दत्तकविधानाचा कायदा २००९ मध्ये झाला. स्थगितीपूर्वी अमेरिकेत पोहोचलेली मुले तोवर शाळेत जाऊ लागली होती. त्यांच्यापैकी अनेकांच्या कागदपत्रांवर आईच्या नावाची जागा रिकामी होती.