प्रवासी पूर्वमाहिती

आंतरराष्ट्रीय विमान सुटण्यापूर्वी प्रवाशाच्या पासपोर्टमधील तपशील विमान कंपनीने गंतव्य देशाच्या सीमा-यंत्रणेला कळवण्याची पद्धत. अमेरिकेत ती 1988 मध्ये ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर त्याच वर्षी कायद्याने सक्तीची झाली. युरोपीय संघाचा निर्देश 2004 चा.

नाव, जन्मतारीख, लिंग, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक व त्याची मुदत हे मुख्य तपशील. ते पासपोर्टच्या तळाशी छापलेल्या, प्रत्येकी 44 चिन्हांच्या दोन यंत्रवाचनीय ओळींतही असतात. काउंटरवर यंत्र त्या वाचते. घरबसल्या चेक-इन करणारा मात्र स्वतः टाइप करतो आणि चुका बहुधा तिथेच होतात. मराठी नावात वडिलांचे वा पतीचे नाव मध्ये येते. पासपोर्टवर ते ‘दिलेले नाव’ या रकान्यात असेल, तर तिकिटावरून गाळू नये हे बरे.

आसन, संपर्क, पैसे कसे भरले इत्यादी आरक्षणाची नोंद ही वेगळी बाब. दोहोंची गल्लत नेहमी होते. भारतात त्या नोंदीसाठी 2022 चे स्वतंत्र विनियम असून ती उड्डाणाच्या 24 तास आधी सीमाशुल्क विभागाला द्यावी लागते.